वेलिका आजीचे आभार

६ ऑक्टोबर

माफ कर, डायरी, फेब्रुवारीपासून तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं की ते खरं ठरेल, ही भीती.

तर लिहिते. फेब्रुवारीत, छाटणीच्या सणाला, बाबा द्राक्षमळ्यात कोसळले आणि गेले. आई शेजारच्याच ओळीत होती. तेव्हापासून ती बोललेली नाही. आठ महिने! बुर्गास शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. घशात काही दोष नाही म्हणाले. जेवते, कपडे वाळत घालते, माझ्याकडे बघते. फक्त आवाज नाही.

माझी झोप उडाली तेव्हा शाळेतल्या समुपदेशक बाईंनी हा उपाय सांगितला. रोज संध्याकाळी तीन गोष्टींचे आभार लिहायचे, नेमके, नावानिशी. मोघम लिहिलेले मनाला पोचत नाहीत म्हणे. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला असली औषधं! पण बघू.

आज: भाजलेल्या मिरच्यांचा वास. नववीच्या वर्गाची शांतता. बशी पुसताना आईचा हात माझ्या हाताला लागला — की चुकून लागला? चुकून लागलेल्याचे आभार मानायचे का?

९ ऑक्टोबर

दोनच सुचल्या. तिसरी खोटी होती, खोडली.

१३ ऑक्टोबर

शेजारच्या वेलिका आजीने कुंपणावरून मला झापलं. "अगं, तुझी आई घाबरलीय, आजारी नाही. डॉक्टरला घसा काय दाखवतेस? भीती काय घशात बसते होय?"

उद्या येऊन भीती उतरवायला शिसं ओतते म्हणाली. शिसं तीनशे सत्तावीस अंशांना वितळतं, एवढंच मला ठाऊक. तरी हो म्हटलं.

१४ ऑक्टोबर

आईच्या डोक्यावर लाल कापड, त्याच्यावर धरलेलं पाण्याचं भांडं, आणि पळीतलं वितळलेलं शिसं एकदम पाण्यात. चर्र आवाज, वाफ. पहिल्या दोन वेळा काटेरी गोळा निघाला, तिसऱ्यांदा गुळगुळीत. ते पाणी आजीने तिठ्यावर नेऊन ओतलं. परत येऊन दारातच मला दटावलं.

"आता तोंड बंद. आभार मानायचे नाहीत. मी ओतलं ते ओतलं, ते कुणाचंच नाही. आभार मानलेस की त्या भीतीला माझं नाव कळतं."

मी ओठ दाबून मान हलवली. दार लावतेय तोच आतून आई म्हणाली, "ओव्हन बंद केलास का?"

आज तीन नकोत. एकच: वेलिका आजी, तुझे मनापासून आभार. माझी आई तू मला परत दिलीस.

१५ ऑक्टोबर

आई दिवसभर बोलतेय. माझे केस, शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळ्यांचा उद्धार झाला. माझं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे म्हणे. मी दोन वाट्या जास्त प्याले.

वेलिका आजी दिसली नाही.

१६ ऑक्टोबर

तिच्याकडे गेले. उंबऱ्यावर बसली होती. मला बघून तोंड उघडलं — काही नाही. नुसता श्वास.

मी म्हटलं, आजी, मी एक शब्द बोलले नव्हते. आणि मग परवाचं पान आठवलं. नेमके, नावानिशी.

सांगून टाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा गाल थोपटला.

१७ ऑक्टोबर

आजीला डॉक्टरांकडे नेलं. घशात काही दोष नाही.

१९ ऑक्टोबर

योगायोग असू शकतो. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. असं सकाळी स्वतःला समजावलं. दुपारी चौदा तारखेचं पान फाडायला बसले.

जेमतेम बोटाच्या पेराएवढं फाडलं असेल. खाली आई म्हणत होती, "इस्क्रा, त्या बरणीचं —" आणि थांबली.

फाटलेल्या कडा मी दोन्ही तळव्यांत दाबून धरल्या. किती वेळ, माहीत नाही.

"— झाकण कुठे ठेवलंस?"

कदाचित ती झाकणच शोधत असेल. मी डिंक लावून पान चिकटवलं.

२० ऑक्टोबर

आजी एकटी राहते. आता तिला कोंबड्यांना हाक मारता येत नाही. त्या अंधार पडला तरी परतत नाहीत. मी त्यांना गोळा केलं. माझी आई बोलतेय आणि त्याची किंमत दुसरीच कुणी भरतेय. ही कसली कृतज्ञता?

२२ ऑक्टोबर

तिच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. म्हटलं, "आजी, तू माझे आभार मान. लिहून, नावानिशी. मग ते तुझ्याकडून माझ्याकडे येईल."

तिने माझ्या बोटांवर चमचा हाणला.

२४ ऑक्टोबर

लाकडं फोडून दिली, तिचे केस धुतले. ती रडली, पण लिहीना. हे सगळं मी तिला भरीस घालायला करतेय का? हो. आणि केस धुवायला झालेच होते. दोन्ही खरं.

२६ ऑक्टोबर

आज तिने पेन्सिल घेतली. मग लिहिलं: इस्क्रा, पोरी, तुझे आभार. माझ्या कपाळाचा मुका घेतला.

घरी येऊन संध्याकाळभर आईजवळ बसले. बाबा तिला पहिल्यांदा कुठे भेटले ते विचारलं. एका लग्नात म्हणे, आणि त्यांनी तिच्या पायावर पाय दिला होता. मग मीही बोलले. लहानपणापासूनचं, राहून गेलेलं सगळं. आई म्हणाली, "आज तुला झालंय तरी काय? तोंडाला खळ नाही."

२७ ऑक्टोबर

सकाळी वेलिका आजी कोंबड्यांवर ओरडत होती. अख्ख्या गल्लीने ऐकलं. आई खिडकीतून तिला शेलकी उत्तरं देत होती. मग आईने वळून मला दोनदा काहीतरी विचारलं. मी मान हलवली.

उद्या: शाळेत चिठ्ठी पाठवायची. फोन जमणार नाही.