डिकीतलं सॉकेट आणि सासूबाईंचं बोर्श्ट

२९ डिसेंबर
सासूबाईंचा फोन. आमचा युक्रेनियन नाताळ जानेवारीत. सहा तारखेच्या जेवणाला बोर्श्ट मी आणायचं. मी! एकोणीस वर्षं जावई आहे, आजवर त्या घरात माझ्याकडे फक्त अंगणातला बर्फ उपसायचं काम. बायको लेसिया म्हणाली, आईचा गुडघा धरलाय म्हणून आपल्याकडे शिजवायचंय, उगाच फुगू नकोस. फुगलेलो नाही. बोर्श्ट म्हणजे बीटचं सार, पण त्या घराची अब्रू त्यात असते. आमच्या कॅनडातल्या यॉर्कटनहून सासूबाईंच्या शेतावर तासभर, बाहेर उणे तीस. पातेलं वाफाळतं पोचलं पाहिजे.

रात्री प्लॅन सुचला. डिकीत सॉकेट. त्यावर गाडीच्या बॅटरीवर तापणारं भांडं. सोपं काम, एक दुपार.

२ जानेवारी
मागची सीट काढली. खाली गेल्या ईस्टरचा एक पिरोगी, म्हणजे बटाट्याची उकडलेली करंजी, सापडला. सीट परत बसत नाही. हलकी गाडी पेट्रोल कमी खाते.

लेसियाने विचारलं, पुढे सॉकेट आहे की, भांडं मांडीवर घेऊन तिथेच लावलं तर? काही लोकांना मोठा विचार झेपत नाही.

३ जानेवारी
डिकीत भोक पाडलं. जरा जास्तच पडलं. डिकीतून जमीन दिसते. हवा खेळती राहील.

मेहुणा मिरोन डोकावला. म्हणाला, दाजी, वायर थेट बॅटरीवर का? गाडी बंद असली तरी करंट ओढत बसेल. म्हटलं, अरे तोच तर फायदा! तो बराच वेळ भोकाकडे बघत होता. कौतुकाने असावं.

५ जानेवारी
सॉकेटचा लाल दिवा लागला! डोळ्यांत पाणी आलं. थंडीने.

घराबाहेर प्लग एकच, त्यात रात्री, इंजिन गोठू नये म्हणून, त्याच्या हीटरची वायर असते. इथे लहान पोरंही ती लावल्याशिवाय झोपत नाहीत. ती तेवढी काढून ड्रिल लावलं. आता भांड्यात पाणी घालून सॉकेटची रात्रभर टेस्ट. उद्या सासूबाई काय म्हणतील ते ऐकत झोपणार.

६ जानेवारी, सकाळ
भांड्यातल्या पाण्याचा बर्फ झालाय. पण रात्री कधीतरी ते नक्की गरम झालं असणार. टेस्ट यशस्वी.

गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की टक् म्हणते आणि गप्प बसते. भिंतीत ड्रिलचाच प्लग आहे. हीटरची वायर बर्फात पडलेली. वाऱ्याने असेल.

दुपार
मिरोन ट्रक घेऊन आला. म्हणाला, बॅटरी जागी करून देतो हो, पण तेलाचा डिंक झालाय, चार तास हीटर लावावा लागेल. सोडा तो नाद, बसा ट्रकमध्ये. लेसिया पातेलं गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसलीसुद्धा. म्हटलं, व्हा पुढे, मी माझ्या गाडीने येतो. ती म्हणाली, ओरेस्ट, पहिली चांदणी दिसली की पानं वाढतात, आई कुणासाठी थांबत नाही.

थांबतील. काम कुणावर सोपवलं होतं!

७ जानेवारी
काल रात्री पोचलो तेव्हा चांदण्या सगळ्याच आल्या होत्या. रीतीचे बाराही पदार्थ होऊन गेलेले. माझ्या जागेवर शेजारचा पाव्लो दात कोरत बसलेला. मोकळी जागा एकच होती, दरवर्षी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पान वाढून ठेवतात ती. सासूबाई म्हणाल्या, बस तिथेच, आमच्या ह्यांचंही अर्धं आयुष्य गाडीखालीच गेलं, ते काही बोलायचे नाहीत. सगळे खो खो हसले. सासऱ्यांची जागा म्हणजे तशी बढतीच.

बोर्श्ट गरम आलं होतं का, विचारलं. लेसिया म्हणाली, जिभा पोळल्या सगळ्यांच्या. वाढा जरा, म्हटलं. सासूबाईंनी पातेलं तिरकं करून दाखवलं. मला खरंच वाईट वाटलं. मग त्यांनीच समोर बोट दाखवलं. मेलेल्यांच्या पानावर एक वाटी वाढलेली होती.

प्यालो. गारढोण.