बाबांनी ऐकलेलं इंजिन

आई,

बाबा खाटेवर दिसले नाहीत म्हणून घाबरू नकोस, ते माझ्याबरोबर आहेत.

गाडीचा बिघडलेला इंजिन-कॉम्प्युटर काढून मी भंगारातल्या तशाच गाडीचा बसवला, आणि तू विकायला काढलेलं ते धूड चक्क सुरू झालं. मी बॉनेटखाली वाकले होते, तर मागून आवाज आला, "यादिरा, रेस जास्त आहे. कमी कर."

बाबा दाराला धरून उभे होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी पाना टाकून आधी रेस कमी केली.

पेट्रोल भरून येतोच, चपला काढू नकोस. "ओब्दुलियाला घेतल्याशिवाय ग्वानिकाच्या समुद्रावर जायचं नाही," म्हणतायत. बोलताना अडखळतात, पण तुझं नाव अगदी स्पष्ट घेतलं.

यादिरा