एका जागेसाठी दोन डावखुरे

१९ ऑगस्ट
बेसबॉलच्या आमच्या वरच्या संघाला सप्टेंबरसाठी चेंडू टाकणारा डावखुरा पिचर हवाय. एकच! कोच हॅस्केलनी बसमध्येच सांगून टाकलं. म्हणजे मी नाहीतर कर्टिस. मी एकतीसचा, तो तेवीसचा. राहतो एकाच खोलीत!

दर नऊ डावांमागे मी दिलेल्या धावा ३.०५, त्याने दिलेल्या २.८१; जितक्या कमी तितकं चांगलं. फलंदाज बाद करण्यात तो कितीतरी पुढे. पण भरकटलेल्या चेंडूंपायी फुकटात पहिला तळ मी त्याच्या निम्म्यांनाच देतो. लीगमधले बाकीचे डावखुरे चारच्या वर — त्यांची काळजी नाही.

"काय आजोबा, गणित जमतंय का?" — कर्टिस, दात घासता घासता.

दहा वर्षं या खालच्या लीगमध्ये काढली. पुन्हा संधी यायची नाही.

२३ ऑगस्ट
आज मी सात डाव टाकले, एकही धाव नाही! आता मी २.८९ वर.

२५ ऑगस्ट
आज कर्टिसची पाळी. जिंकला, पण पाच डावांत सहा जणांना फुकट तळ! इतके तर तोही कधी देत नाही. मी खूश झालो. लाज वाटते — पण झालो.

२६ ऑगस्ट
नाश्त्याला कर्टिसच्या उजव्या हातात काटा-चमचा. "डावा थकलाय जरा." माझ्या कोपरातला स्नायूबंध फाटला तेव्हा मीही हेच सांगत फिरायचो.

म्हटलं, "कोचना सांग."

"सांगतो की! आणि जागा तुझ्या ताटात वाढतो. लबाडा!"

२९ ऑगस्ट
कोचना मीच सांगू का? सांगितलं तर चहाडखोर. नाही सांगितलं तर —

३१ ऑगस्ट
वरच्या संघाचा माणूस बघायला आलेला. कर्टिस जीव तोडून टाकत होता. चौथ्या डावानंतर बाकावर आला, पाण्याचा पेला उचलला — बोटांतून सुटला. हसला. चेहरा पांढराफटक. पाचव्या डावाला पुन्हा उठला.

मी हॅस्केलकडे गेलो. "कोच, थांबवा त्याला. कोपर गेलंय त्याचं."

"तू सांगतोयस, लायल? लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"कळतंय."

काढलं त्याला. कर्टिस सगळ्यांदेखत ओरडला — "मिळाली ना जागा? बस आता पाय पसरून!" कुणीच माझ्याशी बोललं नाही. संध्याकाळी तो बोचकं उचलून दुसऱ्या खोलीत गेला.

१ सप्टेंबर
वरच्या संघानं भलत्याच क्लबातला डावखुरा घेतला. ४.१२ वाला! हॅस्केल म्हणाले, "तो बावीसचा आहे रे, लायल."

सामान बांधायला घेतलंय. खेळणं पुरे झालं.

३ सप्टेंबर
हॉस्पिटलातून कर्टिसचा फोन. उद्या ऑपरेशन, हात वाचेल म्हणतात. शेवटी — "नर्स विचारत होती, इथं जवळचं कोण आहे. मी तुझं नाव सांगितलंय. येशील?"