गाबोरुगाचा डावा पाय

२२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी अंथरुणं उन्हात टाकली. मुळा चिरून वाळत घातला. देव्हाऱ्यातल्या फोटोसमोरचं पाणी बदललं. दुपारी कुणी आलं नाही.

आदरणीय तोकिकोताईंना चोफूहून हात्सुएचा नमस्कार.

तिकडे निईगाताला बर्फाची चाहूल लागली असेल. थंडीत कुरकुरणारी तुमची कंबर यंदा कशी आहे? मी ठीक आहे. (भूक लागते, म्हणजे ठीकच म्हणायचं.) तुमच्या भावाला जाऊन आठ महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत आभाराच्या दोन ओळींपलीकडे मी तुम्हाला काही लिहिलं नाही. आज मात्र हात थांबत नाही, कारण काल संध्याकाळी टीव्हीवर ‘अंतराळ पहारा’ ही मालिका नव्याने सुरू झाली.

जुनी तुम्हाला आठवत असेलच. गाबोरुगा म्हणजे आमचा कियोहारू, असं तुम्हीच गावभर सांगत होतात. अवकाशातून येऊन शहरं तुडवणाऱ्या त्या राक्षसाच्या रबरी कातड्यात ह्यांनी चार वर्षं घाम गाळला. तेव्हाचं अवकाशयान म्हणजे तोंडाला तोंड लावलेले दोन सूपचे वाडगे, आणि वरची तार नीट पाहिली की दिसायची (नीट न पाहताही दिसायची). पहिल्याच चित्रणात प्लायवुडचं तोक्यो तुडवताना ह्यांच्या डाव्या पायात खिळा गेला. पाडलेलं शहर पुन्हा उभारायला आठवडा लागायचा, म्हणून हे न थांबता पाय ओढत पुढे गेले. दिग्दर्शकाला नेमकी तीच चाल आवडली. मग पाय बरा झाला तरी गाबोरुगा बरा झाला नाही, आणि शेवटी ती खोड ह्यांना घरीही लागली.

नव्या मालिकेतल्या गाबोरुगाच्या आत कुणीच नाही, तो संगणकावर काढलेला आहे, असं वाचलं होतं. आत पायच नाही, तर खिळा कुठे लागणार? महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. काल शेजारच्या ओकुमुराबाई तांदळाची बिस्किटं घेऊन आल्या. मी ह्यांचा फोटो टीव्हीकडे वळवून ठेवला होता. त्या म्हणाल्या, “जरा डावीकडे सरकवा, खांबाआड जातायत.”

चित्रं सुरेख आहेत, खोटं कशाला बोलू? खवला न् खवला चकाकतो. पण शास्त्रज्ञबाई सारखी रडते. (आपल्या वेळी पंचवीस मिनिटांत शहर पडायचं आणि वाचायचंही, रडायला सवड कुणाला होती?) अर्धा भाग तर नुसतं धुकंच. ओकुमुराबाई म्हणाल्या, “राक्षस आहे की नाही ह्यात? की आम्ही धुकं बघायला आलो?” तेवढ्यात तो आला. उजवा पाय पडला, इमारती हादरल्या. मग डावा पाय आला, सावकाश, ओढत.

“अगं बाई,” ओकुमुराबाई बिस्किट हातात धरून म्हणाल्या, “हे तर कियोहारू-सान. भाजी घेऊन घरी चाललेत.”

मी उठले. फोटोची काच पुसली. धूळ नव्हती तिच्यावर.

आपली नम्र,
हात्सुए

ता. क. ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर आठवणीच्या वस्तू वाटल्या, तेव्हा गाबोरुगाचा रबरी डावा पाय मीच तुम्हाला दिला. दिलेली आठवण परत मागणं शोभत नाही, हे मी जाणते. तुम्ही त्यात छत्र्या ठेवता आणि त्या छान उभ्या राहतात, हेही तुम्ही कळवलं होतंत. तरी तो परत मिळेल का? बदल्यात ह्यांचा लोकरी कोट पाठवते. त्यात छत्र्या मावणार नाहीत, पण तुमच्या खांद्याला बसेल.

आणखी एक. घाई मुळीच नाही. शनिवारी संध्याकाळी दुसरा भाग आहे, एवढंच. पाठवताना आतलं पाणी तेवढं झटका.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. आता जाऊन पत्र टाकते. रस्त्यावर कुणी नसेल, तर जरा डावा पाय ओढत जाईन.