गेटवर आम्ही तिघं

डोंगरी, उत्तन
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय कार्ल,

काय माकडा, कसा आहेस? जेवतोस ना नीट? आम्ही इथे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण ती ऐकते कुणाचं! बोंबील वाळत घालायला सगळ्यांच्या आधी तीच. तुझ्या खोलीला रंग दिलाय, निळाच, तुला हवा होता तसा. सात तारखेला, शनिवारी तू सुटणार, म्हणून सकाळीच निघू. तिघं येतोय तुला घ्यायला. पण ते नंतर लिहिते.

आधी तुझी ती जपानी कार्टून सिरियल. मागच्या मुलाकातीला काचेपलीकडून तू हसत म्हणालास, "शॅन, माझा सीझन अर्धा राहिलाय. तू पूर्ण बघ आणि शेवटचा माणूस कसा मेला ते मला लिही." मी पण हसले. मग परतीच्या बसमध्ये माझे हात थंडगार पडले. अर्धं काय राहिलंय ते मला कळत नाही असं वाटतं का रे तुला? जेलचे साहेब पत्र वाचून मगच तुला देतात, म्हणून मी फक्त सिरियलबद्दलच लिहिणार आहे. बघू किती जमतं.

तर मी बघितली. गोडदेवच्या क्लिनिकला कामाला जाता-येता बसमध्ये, आणि घरी टीव्हीवर आईबरोबर. क्लिनिकमधली सुरुची तर वेडीच आहे त्या सिरियलची. "काय फ्रेम आहेत यार! बर्फात रक्त पण गुलाबी उडतं, वॉलपेपर लावावा असं!" तिने लावलाय पण. तलवार बाहेर काढताना सगळे आवाज बंद होतात ना, ते तिला इतकं आवडतं की पेशंट समोर उभा असला तरी तेवढा तुकडा पुन्हा लावते. छान आहे, मी नाही म्हणत नाही. हिरोचा, त्या हारूचा काळा कोट वाऱ्यावर उडतो तेव्हा मी पण बघत राहते.

मग मी खालच्या कमेंटी वाचल्या, आणि तिथे मला खरी भीती वाटली. बापाला मारणारे सगळे हारूने एकेक करून संपवले. उरला एकच, तो छत्र्या बनवणारा. आणि लोक काय लिहितात? "लवकर मारा याला, बोर करतायत." "एका घावात नको, मजा नाही." ऑर्डर यायला उशीर झाल्यासारखे चिडलेत सगळे! कुणाला तरी घाई आहे, आणि मरायचं दुसऱ्याने. कमेंट लिहिणाऱ्या प्रत्येक नावाच्या जागी मला तूच दिसायला लागलास.

आईचं मत वेगळंच. तिला हिंदी डबिंग निम्मं कळतं, निम्मं ती स्वतःच लावते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "या पोराला जेवाया कोण घालतं? सगळ्या सिरियलीत एकदा पन ताटावर बसला न्हाय." आता हारूसाठी रोज रोझरीच्या प्रार्थनेत एक हेल मेरी वाढवलीय. मी म्हटलं, आई, तो कार्टून आहे. तर म्हणते, "असू दे. त्याची पन आय असंल कुठंतरी."

शेवटचा एपिसोड सांगते आता. तू म्हणालास म्हणून.

छत्रीवाल्याला माहीत असतं की हारू येणार. तो कुठेच पळत नाही. रोज दाराला कडी लावतो, झोपायला जातो, उठतो, परत कडी बघतो. बांबू कापायचा विळा उशाशी ठेवतो. मग एका सकाळी दार वाजतं. हारूला वाटतं, हा पाया पडेल, रडेल. पण तो माणूस इतका घाबरलेला असतो की दार उघडता उघडताच विळा चालवतो. हारू त्याला मारतो, हो. पण विळा आधी लागलेला असतो. हारू बर्फात चालत जातो आणि कोट मिटल्यासारखा खाली बसतो. संपलं. लोक खाली भांडतायत, हारू खरंच मेला की पुढच्या सीझनला परत येणार. आईने टीव्ही बंद केला आणि माझा हात धरून बसून राहिली.

जाऊ दे, साहेबांना वाचायचं ते वाचू दे. मला नाही जमत सिरियलच्या आडून बोलायला.

रेनॉल्ड घरी आला होता.

पत्र फाडू नकोस. बस आणि वाच. राखेच्या बुधवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आला. कपाळावर राख तशीच. पायरीच्या खालीच उभा राहिला. मी दारात आडवी झाले. त्याचा बर्फाचा टेम्पो, तो रिव्हर्स घेताना त्याच्या कानाला लावलेला फोन, टेम्पोखाली गेलेले पप्पा, जेट्टीवर पडलेली त्यांची टोपी, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. वाटलं लोटून द्यावं. पण त्याचा उजवा हात बघितला. तू कोयता मारलास तो. त्या हाताची मूठ आता मिटत नाही. बटन लावायला पण त्याला त्याच्या आईची मदत लागते म्हणे.

म्हणाला, "शॅनन, कार्लची ती सिरियल मी पन बघितली. सगळी."

मी विचारलं, तू कशाला बघितलीस?

"त्याच्या स्टेटसला त्या काळ्या कोटवाल्याचा फोटो होता ना, माझ्यावर आला त्याच्या आदल्या दिशी. मला बघायचं होतं, शेवटच्याला तो कसा मारतो. झोपेत का जागेपनी." मग म्हणाला, "सगळे त्या हारूकडं बघतात. मी छत्रीवाल्याकडंच बघत होतो. कडी तो बघतो ना परत परत, ते अगदी बरोबर दाखवलंय. दार वाजतं तिथं मी बंद केला. पुढं बघवला न्हाय."

मग तो हळूच म्हणाला, "मी डाव्या हाताने कोयता धरायला शिकलोय. तुला खोटं कशाला सांगू? मला भिऊन भिऊन कंटाळा आलाय. तो माझ्या दारात आला तर मी थांबनार न्हाय. हे त्याला कळवा."

कळवलं. आता तुला कळलं ना मी बसमध्ये का गार पडते? आजवर मला एवढीच भीती होती की तू त्याला मारशील आणि परत आत जाशील, जन्मभर. आता दुसरी पण आहे. स्टँडवरून आपल्या घरी येताना त्याचं दार लागतं.

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या कोयत्याला धार न्हाय. तुझा आन." तो बघतच राहिला. "आन म्हंते ना! नारळ सोलायचेत." आणि खरंच तो घरी गेला आणि घेऊन आला. आता तो कोयता आपल्या ओट्यावर आहे. आई रोज त्याने नारळ फोडते, वर म्हणते धार चांगली आहे.

मग तिने त्याला सांगितलं, "सात तारखेला आमच्यासंगती चल. जे व्हायचं ते माझ्या डोळ्यासमोर होऊ दे."

मी भांडले रे. खूप भांडले. म्हटलं, पप्पांच्या खुन्याला गाडीत बसवतेस? वेड लागलंय तुला? कार्ल गेटमधून बाहेर पडून पहिलं तोंड याचं बघेल! तर आई ओरडली, तू लहानपणी ऐकलंयस तसं. "माफ न्हाय केला मी त्याला! माफी फादरकडं मागू दे, कोर्टात मागू दे. माझा नवरा गेला. मला माझा पोरगा जिता पायजे. यो पन कुनाचा पोरगाच हाय." मग पायरीवरच बसली आणि रडली. रेनॉल्ड तिथेच उभा. जाताना एवढंच म्हणाला, "दारात वाट बघन्यापेक्षा गेटवर बरं. येतो मी."

तर हे तिघं. आई, मी आणि रेनॉल्ड.

मला वाटलं होतं तुला सांगूच नये. पण अचानक बघितलंस तर तू काय करशील याचीच मला भीती वाटते. आधी कळलं तर तुझा राग आतच थोडा उतरेल. भिंतीवर डोकं आपट, मला शिव्या घाल, जेवण टाक एक दिवस. पण ते तिथेच कर. बाहेर आणू नकोस.

गेटमधून आलास की पिशवी माझ्याकडे दे. हात मोकळे ठेव. त्याचेही मोकळे असतील, येताना मी तपासणार आहे, आणि मला लाज वाटणार नाही. त्याला मिठी मार, बोल, असलं काही मी सांगत नाही. मलाच अजून जमत नाही त्याच्याशी बोलायला. नुसता आमच्याबरोबर गाडीत बस आणि घरी चल.

आई तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहणार आहे, ठरवलंय तिने. तिची उंची तुला माहीत आहे. तिच्या डोक्यावरून तो तुला सरळ दिसेल. त्याच्याकडे बघायच्या आधी एकदा खाली बघ.

खूप घाबरलेली,
तरी येणारी,
तुझी शॅन