दुसऱ्या अंकासाठी विशेषणं

३ सप्टेंबर
प्रिती एकेकाळी पेपरात माझ्या हाताखाली होती. आता एका इंग्रजी वेबसाइटची कला संपादक. सकाळी फोन आला. सर, आमच्यासाठी नाट्यपरीक्षण लिहाल का, इंग्रजीत, जमेल ना? लहानपणी पाठशाळेत शब्दरूपं घोकलेल्या माणसाला हे विचारते. रोज दहा नवे शब्द पाठ करायचे. सुरुवात उद्यापासून.

५ सप्टेंबर
शब्द: ल्युमिनस (तेजस्वी), पॉइन्यंट (हृदयस्पर्शी). दहाऐवजी दोन, पण सखोल. बायकोला, कांताला, म्हटलं, चहा पॉइन्यंट झालाय. ती म्हणाली, साखर डब्यात आहे, घ्या.

८ सप्टेंबर
परीक्षणाला नाटक ठरलं. आमची अक्षता त्यात बॅकस्टेजला आहे, म्हणजे पासची सोय. तिने बजावलं, बाबा, दुसरा अंक सोडायचा नाही हां, प्रॉमिस. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून नाटकं बघतोय मी. कांता म्हणाली, अर्धी.

१० सप्टेंबर
मायलेकी हिंदमाताहून निळी साडी घेऊन आल्या. कुणाला, ते विचारलं नाही. 'रेझोनन्स' पाठ करणं चालू होतं.
नंतर परीक्षणाचा पाया घातला. निमंत्रणपत्रिका समोर ठेवून कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच लिहायची, यात माझी हयात गेली. 'मान्यवर बहुसंख्येने उपस्थित होते' हे वाक्य कधी खोटं ठरलेलं नाही. नाटकाचंही माहितीपत्रक आहेच. दुसऱ्या अंकात येणाऱ्या आईच्या भूमिकेत दीपिका आहे. तिला ल्युमिनस देऊन टाकलं.

१२ सप्टेंबर, मध्यंतर, कँटीन
पहिला अंक माझ्या विशेषणांबरहुकूम. वडा गरम. कांता आत गेली, माझी खुर्ची धरून ठेवते म्हणाली. 'अंडरस्टेटेड' की 'रिस्ट्रेन्ड', एवढं ठरवून जातो.

तीच तारीख, तेच कँटीन
ठरलं. पण अंक बराच पुढे गेलाय. अंधारात लोकांचे पाय तुडवत शिरणं समीक्षकाला शोभत नाही.

१४ सप्टेंबर
परीक्षण लागलं. भाषा फार रिच आहे सर, असं प्रितीनेच कळवलं. फणसवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, अंगठे आले.
मग अक्षताने वाचलं. म्हणाली, दीपिकाला डेंग्यू झालाय, बाबा. आठवडाभर घरी आहे ती. तिच्या जागी मी उभी राहिले. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं.
दोरीवरून निळी साडी काढून घडी घालत बसली. 
बोलली ती कांता. पोरीने एंट्री घेतल्यावर पहिल्यांदा तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे माझी पर्स होती.

१५ सप्टेंबर
प्रितीला सांगितलं.  ती म्हणाली, दुरुस्ती पाठवा सर, एका ओळीची.
'रिग्रेटेबल ओव्हरसाइट' लिहिलं, खोडलं. 'इनॅडव्हर्टंट' लिहिलं, तेही खोडलं. दुपार झाली. शेवटी उरलं ते एवढंच: आय डिड नॉट सी द सेकंड अ‍ॅक्ट. कोश उघडावा लागला नाही.
पाठवण्याआधी अक्षताला दाखवावं म्हणून बाहेर आलो. आज पुन्हा प्रयोग आहे. मायलेकी केव्हाच निघून गेल्या होत्या. कांताने चिठ्ठी ठेवली होती: पास एकच मागवला, माझा.