सफरचंदाच्या घड्या आणि दोन काजं

४ ऑक्टोबर

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बापाने, माझ्या धाकट्या भावाने, पाठवलेलं खोकं काल पोचलं. खालच्या किल्लीवाल्याने दोन जिने चढवून आणून दिलं आणि टीव्ही घेतला का म्हणून विचारलं. मी सांगितलं, नाही रे बाबा, ही माझी नवी शेगडी. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

तुला धाकट्याने त्याच्या बाजूने सगळं सांगितलं असेलच, आता माझ्या बाजूने ऐक. गेल्या महिन्यात गॅसवर डाळ ठेवली आणि शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत माझा डोळा लागला. भांडं कोळसा झालं, घरभर धूर झाला, बाकी काही नाही. धाकटा आला, गॅसची शेगडी काढून घेऊन गेला आणि वर सांगून गेला की महिनाअखेर मला न्यायला येणार. तोवर या एअर फ्रायरवर भागवायचं, कारण तो आपला आपण बंद होतो. मी म्हणे आता एकटी राहण्याच्या लायकीची उरले नाही. चाळीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतलं, एक बाही कधी उलटी बसली नाही, आणि आता मला न्यायचं ते कपाट नेल्यासारखं!

मला हे घर सोडायचं नाही. इथे उजेड चांगला आहे, खिडकीशी मशीन आहे, गल्लीतल्या सगळ्यांच्या पॅंट माझ्याकडेच आखूड होतात. तेव्हा तो येईल त्या दिवशी त्याच्यापुढे असं काही ठेवायचं की त्याची बोलती बंद व्हावी. गोड म्हटलं की तो विरघळतो, लहानपणापासूनचं आहे. तू हॉटेलात रोज गोडाचे पदार्थ करतेस, मला या यंत्रात होईल असं फळांचं काहीतरी लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, आणि साखरेच्या बाबतीत ते परवडणार नाही.

तुझी,
आत्या

९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी भटारखान्यात एकटीच हसले, तेव्हा आमच्या मोठ्या आचाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कणकेत मीठ जास्त घातलंय. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. बाबांनी घरातली मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, रंगसुद्धा दिला. फिकट हिरवा. मला फोनवर सांगताना इतके खूश होते की मी रंगाचं कौतुक करून फोन ठेवला.

आता कृती. दुकानात फ्रीजरमध्ये पफ पेस्ट्रीची लाटलेली पानं मिळतात, ती आण. एक सफरचंद अगदी बारीक चिर, त्यात दोन चमचे साखर, थोडं लिंबू, चिमूटभर दालचिनी आणि चमचाभर ब्रेडचा चुरा. चुरा विसरू नकोस, तो रस पितो. सारण शिजवायचं नाही, त्यामुळे शेगडीवाचून अडणार नाही. पानाचे चौकोन काप, मधे सारण ठेव, त्रिकोणी घडी घाल, कडा काट्याने दाब, वरून दूध लाव. एकशे ऐंशीवर दहा-बारा मिनिटं. यंत्र रिकामंच तीन मिनिटं आधी तापवून घे. चिकटू नये म्हणून खाली बटर पेपर घाल.

बाबांवर रागावू नकोस ग. त्यांना काळजी वाटते.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाहीच, म्हणून),
पिटुकली

१३ ऑक्टोबर

चि. पिटुकलीस,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

तू सांगितलंस तसं केलं आणि पार तोंडावर पडले. तू म्हणालीस कागद घाल, तर मी भांड्याचं माप घेऊन अस्तर कापतात तसा नीट गोल कापला, यंत्रात बसवला आणि रिकामंच तापायला लावलं. तू असं लिहायला हवं होतंस की आत पंखा आहे! कागद उडाला तो वरच्या लाल तारेला जाऊन चिकटला आणि पेटला. मी वायर उपटली. तेवढ्यात धुराच्या वासाने किल्लीवाला बादली घेऊन धावत आला आणि माझ्या स्वयंपाकघरात पाणी ओतायला जागा शोधत उभा राहिला. त्याला खुर्ची दिली, पाणी पाजलं, तेच बादलीतलं.

मग कागदाशिवाय घड्या केल्या. कडा दाबायला काटा कसला वापरायचा? कडेला बोटभर माया सोडली, म्हणजे शिवणीसाठी जास्तीची जागा सोडतात ना तशी, आणि दुहेरी दुमडून अशी पक्की बंद केली की गणवेशाच्या खिशाला लाजवेल. सहाव्या मिनिटाला एकेक घडी फुटली. सारण बाहेर, साखर जळून भांड्याला चिकटली. खरवडताना मला रडू आलं.

पिटुकले, तुला एक सांगते, बापाला सांगू नकोस. मला घड्यांचं रडू आलं नव्हतं. मला वाटतं की धाकट्याचं खरं असलं तर? मला रात्री झोप लागत नाही. नुसती पडून असते, जिन्यावर जरा वाजलं की उठून बसते. मग दिवसा कुठेही डोळा लागतो. त्या दिवशी डाळ ठेवलेली मी विसरले नव्हते, मला नुसती झोप लागली. पण हे त्याला सांगितलं तर तो म्हणेल, एकूण एकच.

तुझी,
आत्या

१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कागदाची चूक माझी. आमच्याकडे नवीन पोरं आली की त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, कागद नेहमी पदार्थाच्या वजनाखाली, रिकाम्या भांड्यात कधीच नाही. आणि माझ्या एकुलत्या एक आत्याला सांगायचं राहिलं. कान पकडते.

घड्या फुटल्या त्याचं कारण तुझी शिवण. आतली वाफ जाणार कुठून? वरच्या बाजूला सुरीने दोन चिरा दे, काजं करतेस तेवढ्या. कडा एकदाच दाब. सफरचंद नको वाटलं तर घट्ट नासपती घे, पिकलेली घेतलीस तर रसात पोहशील.

दुसरं जे लिहिलंस ते दोनदा वाचलं. बाबांना सांगणार नाही. पण तू सांग. आणि एक आठवण करून देते. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. आपण जेवायला बसलो की ते काय ऐकवायचे, आठवतं? ज्या लिफ्टच्या कागदावर सही करायची तिच्यात आधी स्वतः चढून वरपासून खालपर्यंत जायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून पास नाही आणि नापासही नाही. बघ, काही उपयोग होतो का.

तुझी,
पिटुकली

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्लीवाल्याचा फोन आला होता. मागच्या वेळी त्याला माझा नंबर देऊन ठेवला होता, हे तुला सांगितलं नाही कारण तू भांडली असतीस. पुन्हा धूर झाला म्हणे. एअर फ्रायरमधून धूर काढणं सोपं नाही, पण तू ते करून दाखवलंस.

महिनाअखेरीची वाट बघत नाही. येत्या शनिवारी येतो. रोजचे कपडे आणि औषधं तेवढी बांधून ठेव, मशीन मागाहून नेऊ. खोली तयार आहे. खिडकी पूर्वेला आहे. कृपा करून वाद घालू नकोस.

तुझा,
धाकटा

२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ये. वाद घालत नाही, तुझंच बोलणं तुला परत करते. सही करण्याआधी लिफ्टमध्ये स्वतः चढायचं, हा नियम तुझाच ना? मग माझ्या घरात चढ. शनिवारी मला न्यायला येऊ नकोस, राहायला ये. आठवडाभर राहा. मी कशी उठते, कशी बसते, काय खाते, काय विसरते, सगळं बघ. शेगडी बरोबर घेऊन ये आणि तीही तपास. त्यानंतरही तुला वाटलं की नापास, तर मशीनवर मी स्वतः चादर घालीन आणि गपचूप तुझ्यामागून जिना उतरेन. शब्द देते.

गादी कडक आहे. उशी तुझी तू आण.

तुझी,
ताई

४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं आहात कुठे? आठवडा म्हणून गेलात त्याला आता दुसरा आठवडा लागला. घरचा फोन कुणी उचलत नाही, मोबाइल बंद, आत्याचं पत्र नाही. कालपासून माझं कामात लक्ष नाही, आज क्रीममध्ये साखर घालायची राहिली. भांडलात का? तिला आणलंत का? ती रडली का? नुसतं बरं आहे एवढं लिहिलंत तरी माझा जीव भांड्यात पडेल.

आणि बाबा, ती काही सांगायला लागली तर मधे बोलू नका हं.

तुमची,
पिटुकली

७ नोव्हेंबर

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

मोबाइलचा चार्जर घरी राहिला. तसा चार्जर खाली मिळतो, पण आणायला जमलं नाही. कामात होतो.

तपासणीचं सांगतो. पहिल्या दिवशी एअर फ्रायर उघडून टॉर्च मारून पाहिला, पंखा कानाने ऐकला. चांगला आहे. ताईने सफरचंदाच्या घड्या केल्या. प्रत्येकीवर दोन काजं, एका मापाची. मी नाव ठेवायला जागा शोधत चार खाल्ल्या आणि सापडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, यात काय आहे, आणि स्वतः करायला गेलो. ब्रेडचे दोन काप घेतले, मधे केळं, वर साखर. कडा दाबल्या नाहीत. वरचा काप पंख्याने उडाला आणि तारेला जाऊन बसला. धूर झाला. किल्लीवाला बादली घेऊन वर आला. त्याने मला पाहिलं, ताईला पाहिलं आणि कुणाला फोन करायचा ते त्याला कळेना.

हे हसण्यावारी झालं. आता दुसरं. ताई पहिल्या सकाळी आठ वाजले तरी उठली नाही. मी घाबरलो, दारात जाऊन श्वास पाहिला. गाढ झोपली होती. उठल्यावर तीच लाजली आणि म्हणाली की महिनोन् महिने अशी झोप लागली नव्हती, शेजारच्या खोलीतलं माझं घोरणं ऐकता ऐकता ती झोपली. मी मधे बोललो नाही. तिने सगळं सांगितलं. किल्लीवाल्याला नंतर विचारलं, तर तोही म्हणाला की हिचा दिवा रात्रभर जळताना दिसायचा.

मी भांड्याकडे बघत बसलो होतो ग. भांडं जळालं हा बिघाड नव्हताच, बिघाड दुसरीकडे होता. चांगला तपासनीस असून मला तो तिच्या घरात येऊन झोपेपर्यंत दिसला नाही. आणि खरं सांगायचं तर मला का दिसला नाही तेही आता कळलं. तुझी आई गेल्यापासून मीही टीव्ही चालू ठेवूनच झोपतो. तुला कधी सांगितलं नाही. हिरवी खोली मी ताईसाठी रंगवली असं मला वाटत होतं.

ताईला इथून हलवायचं नाही. तिची खिडकी, तिचं मशीन, तिच्याकडे आखूड करायला येणाऱ्या पॅंट इथेच राहू दे. तू रविवारी घरी जाशील तेव्हा माझा निळा स्वेटर, दाढीचं सामान आणि चष्म्याची दुसरी जोडी पाठव. शेगडी पुन्हा बसवली आहे. हिवाळा इथेच काढीन म्हणतो, पुढचं पुढे. हिरवी खोली तू घे.

तुझे,
बाबा

ता. क. : उशीही पाठव. गादी खरंच कडक आहे.

१५ नोव्हेंबर

चि. पिटुकलीस,
आशीर्वाद, आज दोन्ही हातांनी.

स्वेटर पोचला. बाह्या लांब होत्या, मी आखूड केल्या. इतकी वर्षं हा माणूस बाह्या दुमडून हिंडत होता आणि कुणी काही बोललं नाही.

तुझ्या बापाने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. फळवाल्याकडे जाऊन एकेक नासपती दाबून बघतो, हंगाम नसताना आलुबुखाराच्या घड्या करायच्या म्हणून त्याच्याशी वाद घालतो. मी काजं करून देते, तो दूध लावतो आणि यंत्रासमोर खुर्ची टाकून बसतो, लिफ्ट खाली येण्याची वाट बघावी तसा. किल्लीवाला आता बादलीऐवजी ताटली घेऊन वर येतो. दिवसभर त्या दोघांच्या गप्पा ऐकून माझे कान विटलेत, तरी पाच मिनिटं शांतता झाली की मी आत डोकावून येते.

काल दुपारी नासपतीच्या चार घड्या लावल्या आणि मशीनजवळ बसले. पिटुकले, माझा पुन्हा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी दचकून उठले, आत धावले. यंत्र बंद होतं. घड्या ताटलीत काढून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर झाकण होतं, आणि माझ्या खांद्यावर निळा स्वेटर होता.

चार लावल्या होत्या. झाकणाखाली तीनच होत्या.

सुट्टी मिळाली की ये. लोभ आहे तो असाच उबदार राहू दे.

तुझी,
आत्या